नदीचा राखणदार

माझा बाप नदीचा राखणदार होता.
हसू नका.
शेताला राखणदार असतो, खळ्याला असतो,
उरलच्या पायथ्याशी, आमच्या गावात,
एका वर्षी नदीलाही नेमला.
सरकारी घोडा, मेणकापडाचा कोट, पितळी शिट्टी
आणि तोंडी हुकूम :
कुणाला पाण्यात उतरू द्यायचं नाही,
धुणं नाही, मासे नाहीत, घागरी नाहीत.

का, ते हुकमात नव्हतं.
फैजेलहक, म्हणजे माझा बाप, एकदा विचारायला गेला.
टेबलामागच्या माणसाने हातमोजे न काढता सांगितलं,
"साथ आहे असं समज."
"कसली?"
"समज म्हटलं ना."

नदी तर होती तशीच.
घोट्याएवढी, गारगोट्या मोजून घ्याव्यात इतकी नितळ.
वास नाही, फेस नाही, उताणा पडलेला मासा नाही.
वरच्या अंगाला, काटेरी तारांच्या आड
नकाशात नसलेलं एक शहर होतं,
त्याची मोरी आमच्या नदीत उघडत होती,
हे कळायला आम्हाला चाळीस वर्षं लागली.

म्हातारी बीबीनूर काठावरून ओरडायची,
"वाळीत टाकलंत होय रे नदीला?
बाईचा विटाळसुद्धा चार दिवसांत फिटतो.
हिचा कधी फिटणार, तेवढं सांग!"
माहीत असतं तर बापाने सांगितलं असतं :
तीस वर्षांनी निम्मा,
आणखी तीस वर्षांनी निम्म्याचा निम्मा,
आणि पुरता...
पुरता कधीच नाही, बीबीनूर.

हंसांना शिट्टी कळत नव्हती.
घोड्यालाही नाही. बाप लोकांना हाकलत असताना
तो मान खाली घालून शांतपणे पाणी पीत असायचा.

पहिला बर्फ पडला की आमच्यात हंस सोलायचे दिवस येतात.
मुली घरोघर जमतात, मांडीवर हंस, केसांत पिसं,
मग सोललेले हंस कावडीला लावून
गात गात पाण्यावर धुवायला निघतात.
त्या वर्षीही निघाल्या.
बापाने शिट्टी ओठांना लावली
आणि ओळीतली तिसरी मुलगी त्याच्याकडे बघून हसली.

शिट्टी वाजली. पण उशिरा.
तोवर हंस धुऊन झाले होते, बोटं लालबुंद झाली होती,
आणि पुढे माझी आई झालेली ती मुलगी
ओंजळभर पाणी पिऊन, तोंड पुसत चढण चढत होती.

दोघांनी ही गोष्ट जन्मभर कौतुकाने सांगितली.
शेवटी शेवटी बाप एकटाच सांगायचा
आणि मध्येच थांबायचा,
नेमका शिट्टीपाशी.

दरवर्षी शहरातून गाडी यायची.
आईला लोखंडी खुर्चीत बसवायचे, काटा बघायचे,
वहीत आकडा लिहायचे. तिने विचारलं,
तर म्हणायचे, "चहात दूध जास्त घालत जा."
माझा पहिला दात पडला,
तो चुलीमागे उंदराच्या बिळाशी ठेवायचा होता.
गाडीतल्या बाईने एका गोळीवर विकत घेतला.
दुधाचा दात.
कुठल्याशा कपाटात, चिठ्ठी चिकटवलेल्या बाटलीत
अजून असेल तो. माझी साठी उलटली,
आई जाऊन सव्वीस वर्षं झाली,
त्याच्यात मात्र अजून पाव नदी शिल्लक असेल.

गेल्या जूनमध्ये जाऊन आले.
गाव दोन किलोमीटर मागे सरकवलंय.
काठावर पिवळी पाटी आहे, अक्षरं उन्हाने खाल्लेली.
कुणाचा तरी मुलगा, असेल आठ-नऊ वर्षांचा,
गळ टाकून, पाय पाण्यात सोडून बसला होता.
बापाची शिट्टी माझ्या पर्समध्ये होती.
मी वाजवली. लगेच. जोरात.
त्याने वळून पाहिलं,
दोन बोटं तोंडात घातली
आणि खुशीत तशीच्या तशी शिट्टी
मला परत दिली.